अर्ध्या मात्रेचा उशीर

रविवार, १४ जानेवारी १९७९

आज नाचात रक्त सांडलं! टाउन हॉलच्या फळ्यांवर, दुसऱ्या रांगेच्या मधोमध. युनिस लव्हजॉयचा पुढचा दात — अर्धा. तो शोधायला चाळीस माणसं गुडघ्यांवर, आणि तिकडे व्यासपीठावर क्लोविस डोळे मिटून फिडल वाजवतोच आहे! त्याला पत्ताच नाही.

व्यासपीठावरून पुढची आकृती ओरडून सांगायची, हे माझं काम; माझा नवा नाच आज पहिल्यांदा पुकारला — 'छपरावरचा कावळा'. चौघं एकमेकांमधून वेणीसारखे विणत जातात, ती वेणी संपते, तिथून जोडीदाराबरोबर गिरकी. सगळ्यांना जमत होतं. माझी सून आर्डिस वेणीतून जराशी उशिरा बाहेर पडली. रॉइसने — माझ्या लेकाने — तिचा हात धरून हिसडा दिला. तिचं कोपर मागे गेलं ते थेट युनिसच्या तोंडावर.

युनिस रुमालात थुंकत म्हणाली, "व्हर्ना, तुझा कावळा चावतो गं!" सगळे हसले. रॉइस सगळ्यांत मोठ्याने.

युनिसचा नवरा मात्र कोट चढवता चढवता म्हणाला, "नाचातच खोट आहे." मला ऐकू जाईल असा.

वीस वर्षं पुकारतेय. बारा नाच स्वतः रचले. दात कुणाचा पडला नव्हता आजवर.

सोमवार, १५ जानेवारी

दिवसभर स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन बटाटे आणि दोन कांदे. बटाटे पुरुष, कांदे बायका. वेणी घालतेय, सोडतेय, पुन्हा घालतेय.

चौसष्ट मात्रा. आठ-आठचे आठ तुकडे. धून कुणासाठी थांबत नाही. एका आकृतीतून जो हात मोकळा होतो तोच पुढच्या आकृतीला लागला पाहिजे. अंग ज्या बाजूने वळत आलंय त्याच बाजूने पुढे गेलं पाहिजे. हे साधलं की माणूस विचार न करता वाहत जातो. नाही साधलं की अडखळतो, आणि मागचा येऊन त्याच्यावर आदळतो. नाच रचणं म्हणजे एवढंच. पण एवढंच करताना केस पांढरे झाले.

माझ्या हिशेबाने वेणीला सोळा मात्रा पुरतात. कांदा वेळेवर पोचतो. मग आर्डिस का पोचत नाही?

क्लोविस दाढी न करताच कॉफीला आला. माझे बटाटे बघून म्हणाला, "अगं, हे शिजवणार आहेस की ह्यांचं लग्न लावणार आहेस?" मग गंभीर झाला. "नाचात काही खोट नाही, व्हर्ना. मी वाजवतो तेव्हा पायांचा आवाज ऐकतो. सगळे पाय समेवर पडत होते."

"एक सोडून," मी म्हटलं.

 तो कॉफीत साखर ढवळत बसला — साखर टाकायचीच विसरला होता.

रविवार, २१ जानेवारी

वेणीनंतर, गिरकीआधी जोडीदारासमोर जागच्या जागी डोलायचं होतं, तो डोल काढून टाकला. सरळ गिरकी. चार मात्रा जास्त मिळाल्या, एखादी म्हातारीही चालत पोचेल!

आर्डिस तरी उशिराच. अर्धी मात्रा. दुसऱ्या कुणाला कळणारही नाही, पण मला वरून दिसतं. तिचा पाय उचलला जातो आणि हवेतच थांबतो. अर्धी मात्रा. मग ती जाते.

रांगेतल्या शेजाऱ्याबरोबरच्या गिरकीला मात्र अगदी ठोक्यावर. पाण्यासारखी. कुणीही पुरुष असू दे.

दमत असेल. शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर उभी असते पोरगी.

रविवार, २८ जानेवारी

आज मी नाच उलटा केला. जोडीदाराची गिरकी उचलून सुरुवातीलाच ठेवली. त्याआधी फक्त रांगा पुढे-मागे — सहा वर्षांच्या पोरालाही जमेल. वेणी शेवटाला नेली.

वेणीतून आर्डिस ठोक्यावर बाहेर पडली. आणि सुरुवातीच्या गिरकीला उशीर!

मी गिरकी जिथे नेली तिथे उशीर आला. नाचात खोट नव्हतीच कधी.

मग मी पुकारणं सोडून नुसती बघत राहिले. रांगांना आता पाठ झालं होतं, माझी गरज नव्हती. हातवळशाला दोघं तळवे एकमेकांत अडकवतात, कोपर वाकवतात, थोडं मागे रेलतात. एकमेकाला वजन द्यायचं, बस. रॉइस अंगठा तिच्या मनगटामागे घालतो आणि आत मोडतो. चार मात्रा. हसत. समोरच्याशी बोलत! बाहेरून बघणाऱ्याला वाटावं काय सुरेख नाचतो. नाचतोच तो सुरेख, ह्या खोऱ्यात त्याच्यासारखा कुणी नाही. गिरकीत त्याची बोटं तिच्या बरगडीत रुततात, कापडाला तिथे वळ्या पडतात. आणि तिचे ओठ हलत असतात. मला आधी वाटायचं, गाणं गुणगुणते.

मोजत होती. कधी संपेल ते.

सोमवार, २९ जानेवारी

मला चुकीचं दिसलं असेल. साठीला आलेत डोळे.

गुरुवार, १ फेब्रुवारी

रॉइस जंगलात ओंडके ओढायला गेला असताना आर्डिसकडे गेले. बरोबर कढईभर राजमा आणि तपकिरी पाव, म्हणजे जायला निमित्त. ती भांडी विसळत होती, एकाच हाताने. दुसरं मनगट पिठाच्या गोळ्यासारखं फुगलेलं. बाह्या वर केलेल्या — मी येईन असं तिला वाटलं नव्हतं. कोपरापर्यंत पिवळं, हिरवं, जांभळं. जुनं आणि नवं एकावर एक.

मी म्हटलं, "हे नाचात झालं?"

"थोडं नाचात."

"आणि बाकीचं?"

तिने नळ बंद केला. "आई, नाचातलं मला चालतं. तिथे आठ मात्रांनी तुम्ही पुढची आकृती पुकारता, आणि त्याला सोडावंच लागतं. घरी कुणी पुकारत नाही."

मी खुर्चीत बसले. 

"किती दिवस चाललंय हे?"

"लग्नाच्या चौथ्या दिवसापासून."

सहा वर्षं! सहा वर्षं दर रविवारी ही बाई माझ्यासमोर नाचतेय आणि मी व्यासपीठावरून ओरडतेय — 'द्या वजन एकमेकाला, द्या वजन!'

हार्लनने, माझ्या नवऱ्याने, उभ्या जन्मात माझ्यावर आवाजसुद्धा चढवला नाही. कुत्र्यालाही नाही. त्याला पुरून अकरा वर्षं झाली, म्हणून त्याच्यावर ढकलता येईल असं म्हणाल तर तेही नाही. मग हे आलं कुठून? घरभर शोधतेय. सापडत नाही.

येताना आर्डिस दारात म्हणाली, "त्याला बोलू नका. बोललात तर तुम्ही गेल्यावर मला भोगावं लागेल."

रविवार, ४ फेब्रुवारी

 

आज मी ठरवून गेले होते. प्रत्येक नाचात जोडीदाराची गिरकी आली की तिथे दुसरंच काही पुकारायचं. 'बायकांची साखळी!' 'डावा फेर!' 'शेजाऱ्याला धरा!' आयत्या वेळी, मात्र प्रवाह न मोडता — मोकळा झालेला हात, वळतं अंग, सगळं सांभाळून. आयुष्यात इतकं चांगलं मी कधी पुकारलं नाही. तीन तास नवरा-बायको एकमेकांच्या समोरून जात राहिले, पण रॉइसच्या हाताला आर्डिस लागली नाही. लोक खूश! युनिस नव्या दाताने हसत म्हणाली, "आज काय झालंय तुला, पुढचं काय येईल कळतच नाही बाई!"

आर्डिसचे ओठ आज हलत नव्हते.

रॉइसला तिसऱ्याच नाचात कळलं. मीच शिकवलंय त्याला, त्याला नाही तर कुणाला कळणार? मग तो नुसता माझ्याकडे बघत नाचला. पावलं बिनचूक.

पाच वाजता बाहेर अंधारत होतं. आर्डिस त्याच्या ट्रकमध्ये बसली होती. तो माझ्या गाडीपाशी उभा.

"माझी बायको माझ्या हातात कधी द्यायची ते आता तू ठरवणार, आई?"

मी म्हटलं, "हो."

त्याने ट्रकमधून ओंडके उलथायचा दांडा काढला, लोखंडी आकडीचा, आणि माझ्या गाडीची समोरची काच फोडली. मग बाजूची. मग दिवे. शांतपणे, एकेक करून, दम न लागता. लोक आपापल्या गाड्यांशी थिजलेले. कुणी हललं नाही. मीही नाही!

हलला तो क्लोविस. सत्तरीचा माणूस, एका हातात फिडलची पेटी. म्हणाला, "अरे बाळा, आईची गाडी आहे ती." आणि ट्रकचं दार धरून उघडलं. "ये पोरी, आर्डिस. माझ्याबरोबर चल."

रॉइसने दांडा टाकला आणि दार ढकलून लावलं. क्लोविसचा डावा हात चौकटीत.

पहिल्यांदा कदाचित चुकून. पण त्याने दार उघडलं, बघितलं, आणि पुन्हा लावलं.

तो आवाज! वाळलेल्या फांद्या चुलीत घालायला मोडताना येतो तसा.

क्लोविस ओरडला नाही. पेटी आधी बर्फावर नीट ठेवली, मग स्वतः खाली बसला.

सोमवार, ५ फेब्रुवारी

तीन बोटं चुरडली. डॉक्टर म्हणाले, एक कापावं लागेल. त्यांनी विचारलं कसं झालं, तर क्लोविस म्हणाला, "वाऱ्याने दार आपटलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "हो. वाऱ्याने."

काल पानसुद्धा हलत नव्हतं.

बाहेर आल्यावर मी क्लोविसला विचारलं, का? तर म्हणाला, "तुझा मुलगा आहे तो, व्हर्ना." माझ्यासाठी! पन्नास वर्षं फिडल वाजवणारा हात त्याने माझ्यासाठी वाऱ्याच्या नावावर टाकला, आणि मी त्याला टाकू दिला. थू माझ्यावर.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

सकाळी सहाला दारावर थाप. आर्डिस. रॉइसचे मोठे बूट, आत अनवाणी पाय, नाइटगाऊनवर कोट. तीन मैल बर्फातून चालत आलेली. श्वास घेताना बरगडीतून कट् असा आवाज. एक डोळा बंद. खालचा ओठ फाटून हनुवटीपर्यंत लोंबलेला — तिने तो हाताने धरून ठेवला होता.

मी तिला वरच्या खोलीत निजवलं. डॉक्टरांना फोन केला, ते दुपारी येऊन टाके घालून गेले. "ह्या वेळी वारा नव्हे ना?" एवढंच म्हणाले. मी मान हलवली. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मग मर्लला फोन केला. गावचा पोलीस, रॉइसबरोबर दर हिवाळ्यात हरणं मारायला जातो. मर्ल म्हणाला, "काकू, नवरा-बायकोतलं आहे. दोन दिवस जाऊ द्या, थंड होईल. रॉइस मनाचा वाईट नाही."

मी फोन आपटला. रस्ता दिसेल अशी खिडकीत बसलेय.

शनिवार, १० फेब्रुवारी

काल सकाळी काय झालं ते आता नीट लिहून काढते, जसं झालं तसं. नंतर माझं मलाच बदलावंसं वाटेल.

रॉइस आठ वाजता आला. दार ठोकलं नाही. मी चुलीशी होते, लापशी ढवळत. खाली बसला, टोपी काढली. अगदी सभ्य.

"वर आहे ना?"

"आहे. तू तिला नेणार नाहीस."

"आई, माझी भूक मारू नकोस. दे काहीतरी खायला."

मी वाडगा भरला! हो, भरला. हाताला तीस वर्षांची सवय. त्याने दोन घास घेतले आणि वाडगा उचलून माझ्या तोंडावर मारला. गरम लापशी डोळ्यांत. मी पडले. त्याने केस धरून मला उभं केलं आणि डोकं फडताळावर आपटलं. एकदा, दोनदा. मोजत होता का, कोण जाणे. आर्डिससारखी मीच मोजत होते.

"रांगेत सगळ्यांसमोर मला बुद्दू बनवलंस तू. माझ्या आईने!"

तेवढ्यात जिना वाजला. आर्डिस. खाली यायची काही गरज नव्हती तिला! बरगड्या धरून तिसऱ्या पायरीवर उभी. म्हणाली, "त्यांना सोड. मी येते."

त्याने मला सोडलं आणि टोपी घ्यायला टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, आपल्या खुर्चीकडे गेला.

आमच्या दोघींत आणि त्याच्यात ते मोठं टेबल. आर्डिस पलीकडे जिन्याशी, मी चुलीशी, लाकडं फोडायची छोटी कुऱ्हाड माझ्या पायापाशी. मला माहीत होतं तो कुठून जाणार. डावीकडून. तो नेहमी डावीकडून वळतो. सहा वर्षांचा होता तेव्हा ह्याच फरशीवर, ह्याच टेबलाभोवती मी शिकवलंय त्याला, त्याची पावलं माझ्या पावलांवर घेऊन — उजवा पाय मध्ये रोव, बाळा, सगळं वजन त्याच्यावर, डाव्याने रेटा दे. टेबलाच्या कोपऱ्याशी तो पाय रोवणार. किती पावलांनी तेही माहीत होतं. चार.

एक. मी वाकले. दोन. कुऱ्हाड हातात आली. तीन. मी ती फिरवून धरली, बोथट बाजू पुढे.

चौथ्याला गुडघा माझ्यासमोर होता, सगळं वजन त्यावर. मी फटका मारला.

गुडघा उलटा वाकला. माणसाचा पाय तसा वाकत नाही. रॉइस खाली कोसळला आणि लहान मुलासारखा किंचाळला. 'आई!' म्हणूनच किंचाळला. मी कुऱ्हाड पुन्हा उचलली होती. खरं लिहायचंय ना? — पुन्हा मारायची होती. डोक्यात. आर्डिसने माझा हात धरला. तिच्या त्या फुगलेल्या मनगटाच्या हाताने.

नंतर आम्ही दोघींनी त्याच्या पायाला फळी बांधली आणि डॉक्टरांना फोन केला.

सोमवार, १२ फेब्रुवारी

दवाखान्यात गेले. पाय प्लास्टरमध्ये, मांडीपासून टाचेपर्यंत, वर टांगलेला. डॉक्टर म्हणाले चालेल, काठी लागेल. नाचायचं विसरा.

रॉइसने सगळ्यांना सांगितलंय — आईच्या अंगणात बर्फावर घसरलो, गुडघा दगडावर आपटला. मर्ललाही तेच. मर्ल माझ्या तोंडावरचे फोड बघत होता. मी म्हटलं, "चुलीने भाजलं." आणखी एक खोटं! ह्या गावात वाऱ्याने हात चुरडतात आणि बर्फाने गुडघे मोडतात, माणसं कुणी काही करतच नाहीत.

खोलीत आम्ही दोघंच असताना तो छताकडे बघत म्हणाला, "नेम चांगला होता, आई."

मी म्हटलं, "आर्डिसला पुन्हा हात लावलास तर दुसरा पाय."

तो हसला. मग त्याचे डोळे भरले. माझेही. मी त्याचं पांघरूण नीट केलं. हात आपोआपच गेला. किती नालायक असतं आईचं अंग.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

आर्डिस जेवायला लागली. काल रात्रभर झोपली, सलग. बँगरला तिची बहीण असते, टाके काढले की तिकडे जाईन म्हणाली. तिला ह्या गावात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही.

मी म्हटलं, "ठेवू नकोस."

क्लोविस आला होता. हाताचं मोठं गाठोडं झालंय. त्याला सगळं सांगितलं — कुऱ्हाड, गुडघा. तो बांधलेल्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला बरं वाटलं. आणि बरं वाटलं ह्याची लाज वाटतेय."

आम्ही दोघं म्हातारे खिडकीत बसून राहिलो.

रविवार, १८ फेब्रुवारी

नाच नाही. हॉलच्या दारावर चिठ्ठी लावून आले — 'सध्या बंद'. युनिस विचारत होती कधीपर्यंत.  डोक्यात एकही आकृती येत नाही. चार माणसं उभी केली की त्यांतली दोन एकमेकांना मारतात.

रॉइसच्या पोटरीत दुखतं म्हणे. परिचारिका म्हणाली, प्लास्टरमध्ये दुखायचंच. त्याने विचारलं, "आई, घरी कधी नेशील?"



बुधवार, २१ फेब्रुवारी

रॉइस गेला. पहाटे. पायातली रक्ताची गाठ फुफ्फुसात गेली. उठून बसला, श्वास घेता येत नाही म्हणाला, आणि संपला. चौतीस वर्षांचा.

डॉक्टर माझा हात धरून म्हणाले, "बर्फावर घसरल्यावर कधीकधी असं होतं, बाई. कुणाचाच दोष नाही." त्यांच्यासमोर कागद होता, त्यावर तेच लिहायचं होतं. आर्डिस माझ्या शेजारी. तिने माझ्याकडे बघून मान हलवली — नका, नका.

मी म्हटलं, "तो घसरला नव्हता."